मागचं डावं चाक

एसटीच्या वर्कशॉपातून निवृत्त झाल्यावर पहिल्याच आठवड्यात मायाक्कानं घरातला पंखा, शिलाई मशीन आणि शेजारणीची सायकल, सगळं खोलून पुन्हा बसवलं. त्यानंतर काय करावं हे तिला सुचेना.

नवऱ्याचं नाव गुंडा. तो तिथंच नोकरीत असताना वारला आणि त्याच्या जागी तिला घेतलं, तेव्हा ती एकतीस वर्षांची होती. माहेर सांगोल्याकडचं, सगळं लहानपण मेंढरांमागं गेलेलं. पाना कधी हातात धरलेला नव्हता. पहिली दोन वर्षं तिनं झाडू मारला आणि डिझेलमध्ये सुटे भाग धुतले. मग एक दिवस चाकांचं काम बघणाऱ्या संगप्पा मिस्त्रींना ती धीर करून म्हणाली, "मला बी शिकवा की." संगप्पांनी तिला जॅकवर उचललेल्या बसजवळ नेलं, चाक फिरवलं आणि म्हणाले, "आधी हातानं ऐक. कानाचं मागनं बघू." पुढची पंचवीस वर्षं तिनं चाकंच बघितली.

शुक्रवार पेठेत ती चन्नम्माच्या घराच्या माडीवर भाड्यानं राहायची. चन्नम्माचा मुलगा शरणबसव दिवसभर घरच्या चादरीच्या दुकानात बसायचा, पण त्याचा जीव सगळा त्याच्या लाल गाडीत. जुनीच छोटी गाडी. मागचं सीट काढून, गाडी उलटली तरी छत चेपू नये म्हणून त्यानं आत लोखंडी पिंजरा बसवला होता आणि इंजिनाचा जोर असा वाढवला होता, की ती गल्लीत शिरली की गुरुबसप्पांच्या किराणा दुकानातल्या बरण्या वाजायच्या.

एका शनिवारी सकाळी मायाक्का गॅलरीत तांदूळ निवडत होती. गाडी आली तसा तिचा हात थांबला. ती खाली उतरली.

"शरणू, मागचं डावं चाक घुमतंय बघ."

"अक्का, मागची दोन्ही बेअरिंगं नवी आहेत. परवाच बसवून घेतली."

"नवी असंनात. आवाज हाय."

"तो सायलेन्सरचा आवाज असेल," शरणबसव हसून म्हणाला. "उद्या शर्यत आहे, आता गाडी खोलत बसलो तर संपलंच."

मायाक्का पुन्हा तांदूळ निवडायला वर गेली. चन्नम्मानं मात्र ते ऐकलं होतं. संध्याकाळी माडीवर येऊन तिनं मायाक्काचा हात धरला. "यव्वा, मला त्यातलं काही कळत नाही. पण तू उद्या त्याच्याबरोबर जा. तो नको म्हणाला तर माझं नाव सांग."

शरणबसव नको म्हणाला नाही. त्याला अक्का आवडायची. रविवारी सकाळी हत्यारांची पिशवी पायाशी घेऊन मायाक्का त्या लोखंडी पिंजऱ्यात त्याच्या शेजारी बसली. अक्कलकोट ओलांडून मैंदर्गीच्या अलीकडे एका माळावर पंधरा-वीस गाड्या जमल्या होत्या. एका वेळी एकच गाडी सुटायची, ठरावीक अंतरानं मांडलेल्या प्लास्टिकच्या उभ्या टोप्यांना न शिवता वळणं घेत यायची आणि घड्याळावर तिची वेळ मोजली जायची. हीच शर्यत. तपासणीला उभा असलेला माणूस हेल्मेट बघत होता, पट्टे बघत होता. चाकांना कुणी हात लावत नव्हतं.

"माझ्या आधी आठ गाड्या आहेत," शरणबसव म्हणाला. "घ्या अक्का, बघा. पण लवकर."

गाडी जॅकवर चढली. मायाक्कानं पदर खोचला, चाकाला वरून आणि खालून धरलं आणि पुढं-मागं हलवलं. टक्. पुन्हा हलवलं. टक्.

"लाव हात," ती म्हणाली.

शरणबसवनं हात लावला आणि त्याचं हसू गेलं. "बेअरिंग गेलं?"

"थांब की जरा." तिनं एक हात स्प्रिंगवर ठेवून चाक फिरवलं. डोळे मिटले. "न्हाय. खरखर न्हाय, बेअरिंग चांगलं हाय. नट बघू."

चाक काढलं, मधली टोपी उचकटली. आतल्या मोठ्या नटाला तिनं नुसती बोटं लावली आणि तो फिरला. बोटांनी.

"ही नटाची कडा बघ. ही छिन्नीनं ठोकून आसाच्या खाचेत बसवायची असती, म्हंजी नट आपून होऊन फिरत न्हाय. ठोकलीच न्हाय कुणी. इसरला बसवणारा."

शरणबसव मातीतच बसला. "अक्का, मी काल हायवेला..."

"आता हायेस न्हवं हितं? मग ऊठ. टॉर्कचा पाना कुणाकडं हाय बघ. अंदाजानं न्हाय आवळायचं हे."

पाना निघाला केमहून आलेल्या कुमारकडं. तो स्वतः पाना घेऊन आला आणि बघत उभा राहिला. मायाक्कानं आधी आतलं सगळं पुसून तपासलं, मग गाडीच्या पुस्तकात दिलेल्या मापाला नट आवळला. माप गाठलं तसा पाना कट्ट वाजला. चाक फिरवून पाहिलं आणि मग छिन्नीचे दोन बेताचे घाव घालून कडा खाचेत बसवली. उजव्या बाजूचा नट घट्ट होता, पण कडा तिथंही कोरीच. तीही ठोकली. चाकं चढल्यावर पुन्हा हलवून बघितलं. आवाज नाही.

"मावशी," कुमार म्हणाला, "आमची बी बघता का?"

कुमारची बघितली. मग त्याच्या शेजारची. अर्ध्या तासात मायाक्कासमोर गाड्यांची रांग लागली. एकाच्या बेअरिंगात खडे भरल्यासारखी खरखर होती. त्याला तिनं सरळ सांगितलं, "तू आज पळवू नगंस. राग आला तर येऊ दे." तो रागावला नाही. तिच्यासाठी खुर्ची आणि उसाचा रस घेऊन आला. दुपारपर्यंत माईकवरचा माणूस दर गाडीला विचारू लागला होता, "मायाक्कांना दाखवली का?"

शरणबसवचा नंबर सातवा आला. दोन टोप्या उडवल्या होत्या त्यानं. तरी तो पहिला आल्यासारखा नाचत आला.

"अक्का, मागनं अशी चिकटून येते गाडी! बसा, तुम्हाला एक फेरी मारून आणतो."

"मला? म्हातारीला?"

पण ती तोवर हेल्मेट घालत होती. अंबाडा आडवा येत होता, तो तिनं सोडून टाकला. पंचवीस वर्षं जिच्या हाताखालून चाकं गेली, ती बाई आजवर बसच्या वेगापुढं कधी गेलेली नव्हती. गाडी सुटली, पहिल्या वळणाला मागचा भाग सरकला, धुरळा उडाला, आणि माळावर उभ्या असलेल्या सगळ्यांना इंजिनाच्या आवाजाच्याही वर ऐकू आलं ते मायाक्काचं हसणं. गाडी थांबली तरी ते थांबेना. डोळ्यांतलं पाणी पुसत तिनं शरणबसवच्या पाठीत एक धपाटा घातला.

"आनि एकदा!"

पुढच्या महिन्यापासून तपासणीच्या टेबलाशेजारी तिची खुर्ची ठरून गेली. तिनं चारही चाकं हलवून-फिरवून बघितल्याशिवाय गाडी सुटत नाही. बघून झालं की ती टायरवर खडूनं एक रेघ ओढते. गेल्या खेपेला पुण्याहून एक जण चकचकीत भारी गाडी घेऊन आला. ही कंपनीतून तपासून आली आहे, म्हणाला. "व्हय की," मायाक्का म्हणाली आणि जॅक पुढं सरकवला. त्याच्या गाडीत काही निघालं नाही. रेघ मिळाल्यावर त्यानं टायराचा फोटो काढला.

आता चन्नम्माही येते. कडक भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन मायाक्काच्या शेजारी बसते, आणि लाल गाडी सुटली की तोंडावर हात घेते. बोटांच्या फटींतून मात्र सगळं बघते. "गेला का गं वळणावरनं?" ती विचारते.

"गेला, गेला," मायाक्का म्हणते. "टोपी पाडली बघ मेल्यानं परत." आणि दोघी पोट धरून हसतात.