हमखास बरा, कापाकापी नाही

नगरच्या डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला आणि म्हणाले, “कार्सिनोमा. म्हणजे कॅन्सर. पण जखम लहान आहे. लगेच मुंबईला जा.”

दुष्काळाच्या आदल्या वर्षाची ही गोष्ट. माझ्या जिभेच्या कडेचा फोड काही केल्या बरा होत नव्हता. म्हणून त्यांनी बायॉप्सी केली होती, म्हणजे जखमेचा बारीक तुकडा काढून तपासला होता.

जीभ कापावी लागेल हे ऐकून माझे यजमान हादरले. राहात्याला परतल्यावर त्यांनी एका साप्ताहिकातली वैद्याची जाहिरात वाचून दाखवली. कॅन्सर हमखास बरा, कापाकापी नाही. छापून आलंय म्हणजे सरकारनं पाहिलंच असेल, असं आम्हा दोघांनाही वाटलं.

त्या वैद्यानं काळा लेप दिला. लावला की डोळ्यांतून पाणी यायचं. आग होते म्हणजे रोग जळतोय, असं तो सांगायचा. तुमच्या घरात कुणाला अशी जखम असेल तर आगीला गुण समजू नका. उन्हाळ्यापर्यंत माझ्या मानेत गाठ आली. दुधात कुस्करलेली भाकरीही गिळवेना.

मग मुंबई. अर्धी जीभ गेली. नंतर रेडिएशन, म्हणजे किरणांचा शेक. त्यानं तोंड कोरडं पडलं, ते आजही तसंच आहे.

पुढं तपासणीला गेलो तेव्हा नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं, की कॅन्सर बरा करतो अशी जाहिरात देणं हाच कायद्यानं गुन्हा आहे. तक्रार करायला त्यांनीच मदत केली. नगरच्या कोर्टात खटला उभा राहिला.

कोर्टात माझं बोलणं कुणाला कळेना. बाईंची साक्ष घेऊ नये, असं वैद्याचा वकील म्हणाला. मॅजिस्ट्रेटनी मला सावकाश बोलायला सांगितलं. पदरानं लाळ पुसत मी तेच वाक्य पुन्हापुन्हा बोलले.

“पेपरात छापलं हुतं, म्हनून आमी गेलो.”

शेवटी त्यांनी ते लिहून घेतलं.

पहिलाच गुन्हा म्हणून वैद्य दंडावर सुटला. जाहिरात बंद झाली. लेप चालूच राहिला, कारण खटला जाहिरात छापण्याचा होता, लेपाचा नव्हता.

निकालाच्या दिवशी बाहेर त्याचे रोगी उभे होते. एक म्हातारी मला म्हणाली, “आमच्या वैद्याला कोर्टात वढून तुला काय मिळालं गं?”

तिच्याजवळ तिची सून होती, गाल सुजलेला. मी तोंड उघडून दाखवलं. सुनेनं जवळ येऊन आत पाहिलं. मग तिनं यजमानांना हळूच विचारलं, “तुमचा डाक्टर कुटं बसतो?”

आम्ही राहात्याची एसटी सोडून दिली आणि तिला डॉक्टरांकडे घेऊन गेलो. डॉक्टरांनी तिला आत बोलावलं. जरा वेळानं म्हातारीही आमच्या मागून तिथं आली आणि माझ्या शेजारी बाकावर बसली.