रुसलेल्या माणसाची कादंबरी

गल्लीत त्यांना माघारी ‘रुसूबाई’ म्हणत. आपल्या चष्म्याच्या दुकानात मात्र माणूस सोन्यासारखा. काचा घासून फ्रेममध्ये अशा बसवत, की गिऱ्हाईक तक्रार घेऊन परत येत नसे. पण घरात पाऊल टाकलं, की वय सातावर यायचं. भाजीत मीठ कमी पडलं, बायको बहिणीशी फोनवर जरा जास्त बोलली, एवढ्यावर अबोला. सगळ्यात लांबला तो एक्केचाळीस दिवस. शेवटी कारण दोघांनाही आठवेना. दर वेळी बायकोच चहाचा कप घेऊन पुढ्यात उभी राहायची. ‘झालं ना आता? घ्या,’ म्हणायची. मग स्वारी तोंड फिरवूनच कप घ्यायची.

ती गेल्यावर दोन वर्षांनी त्यांनी कादंबरी लिहिली. तीन वह्या. निवेदक साठीचा चष्मेवाला, आणि सगळं जग त्याच्या वाईटावर टपलेलं. घरातच राहणारी मुलगी एका ऑफिसात टायपिंग करायची, म्हणून वह्या टाइप करायचं काम तिच्या गळ्यात पडलं. पहिल्या दोन वह्या तिने हसत संपवल्या. या निवेदकाला कुणीतरी कडेवर घ्या रे, असं तिला वाटे.

तिसऱ्या वहीत आईची शेवटची सकाळ होती. त्या दिवशी मुलगी सातलाच कामावर गेली होती. दहाला तिने घरी फोन केला, आईने उचलला नाही, आणि ही कामाला लागली. संध्याकाळी बाबांना आई स्वयंपाकघरात पडलेली सापडली. ‘सकाळी ठणठणीत होती,’ असं त्यांनी डॉक्टरांना सांगितलं. तो न उचललेला फोन मुलीला दोन वर्षं खात होता.

वहीत लिहिलं होतं: ‘तिने माझ्यासमोर कप सोडला. मी विचारलं, मुद्दाम ना? उत्तर नाही. अर्ध्याच तोंडाने हसली. खुर्चीत बसली, उजवा हात लोंबता सोडून, महाराणीसारखी. म्हटलं, अबोला धरायचाय? धर. दार ओढून निघालो. दिवसभर फोन केला नाही. मलाही मान आहे.’

मुलीचे हात कीबोर्डवरच थांबले. आधी तिला त्या फोनच्या ओझ्यातून सुटल्यासारखं वाटलं, मग त्या सुटकेचीच लाज वाटली.

बाबा दारात येऊन उभे होते. ‘कपाच्या प्रसंगापर्यंत आलीस? लोक रडतील की नाही वाचून?’

‘बाबा, आई रुसली नव्हती. तो अर्धांगाचा झटका होता. तिला बोलताच येत नव्हतं.’

त्यांचा खालचा ओठ पुढे आला. ‘म्हणजे तूसुद्धा तिच्याच बाजूची,’ म्हणाले, आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले.

सोमवार गेला, मंगळवार गेला, तोंडातून शब्द नाही. बसा म्हणावं असेच, मुलगी मनात धुमसत होती. समजूत काढायला ती काही आई नव्हती. बुधवारी सकाळी तिने निघताना हाक मारली. ओ नाही. पुन्हा मारली. हे नेहमीचंच रुसणं, हे कशावरून? त्या सकाळी आईला कुणी तपासलं होतं?

चप्पल तशीच पायात ठेवून ती आत धावली.

‘बाबा, बोलू नका हवं तर. फक्त दोन्ही हात वर करा.’

भिंतीकडे तोंड ठेवूनच त्यांनी हात वर केले. दोन्ही, सरळ, सारखे.

‘ठीक आहे. घ्या खाली,’ ती म्हणाली.

त्यांनी घेतले नाहीत. ती काय बघायला आली होती, हे त्यांना आता कळलं असावं. हात भरून आले, तरी वरच होते.