माझा कॅन आणि पावण्यांची बाटली

ग्रुपवरच्या गाडीवेड्यांनो, वाचा आणि खुशाल चिडा!

मंगळवार पेठेत माझं वॉशिंग सेंटर हाय. मोठ्या कॅनमधल्या एकाच शॅम्पूनं मी शिटा भरून पळणाऱ्या वडापच्या जीपाबी धुते आणि भारीतल्या गाड्याबी.

आज एक पावणं पांढरी गाडी घेऊन आलं. बॉनेटवर कालच्या दसऱ्याच्या पूजेचं कुंकू वाळलेलं. "ताई, तुमचा कॅन नको," म्हणत त्यांनी परदेशी शॅम्पूची बाटली काढली.

म्हटलं, "अर्धं बॉनेट तुमचं, अर्धं माझं."

धुतल्यावर दोन्ही बाजू सारख्याच चकचकीत! पावण्यांनी वाकून वाकून बघितलं. मग हळूच म्हणालं, "बाटली संपत आलीया. ह्यात तुमचाच भरून देता?"

"देते की! आधी वरचं लेबल काढा."

पावणं बाटली न भरताच, लेबलासकट घेऊन गेलं.

आता खरं सांगा, तुम्ही गाडी धुताय का लेबल?