बोर्डाची दुसरी बाजू

१४ सप्टेंबर २००३, रविवार. शहापूरच्या एसटी स्टँडमागच्या दुकानात मी पेंटरच्या हातात दोन हजार रुपये ठेवले. ठरलेली रक्कम चार हजार. निम्मी आधी, निम्मी वेबसाइट सुरू झाल्यावर. हजर आम्ही तिघे: मी, माझी बायको आणि पेंटर. त्याने पैसे न मोजताच ब्रशांच्या डब्याखाली सरकवले आणि विचारलं, "तुमच्याकडं येणारा माणूस कुठून येतो?"

"मुरबाडहून," मी म्हणालो.

"आणि?"

"काही शहापूरहून येतात, किन्हवलीवरून."

"आणि?"

मला आणखी सुचेना. बायको म्हणाली, "काही भीमाशंकरावरून डोंगर उतरून येतात."

"वयनींना कळलं बघा," पेंटर म्हणाला. "सेक्रेटरी नुसती बेरीज करतात."

मी तेव्हा गावच्या सोसायटीचा सेक्रेटरी होतो. सिद्धगडाच्या पायथ्याशी आमच्या शेतावर आम्ही तीन खोल्या बांधल्या होत्या, गडावर जाणाऱ्यांना राहायला आणि जेवायला. त्यांचे बोर्ड पेंटरनेच रंगवले होते. बोर्ड उभा केला की तो त्याच्याकडे पाठ करून रस्त्याने चालू लागे. मी एकदा पावलं मोजली, एकशे ऐंशी भरली. मग तो वळून बघे, पुन्हा बोर्डापर्यंत येई, ओलांडून तेवढाच पलीकडे जाई आणि तिकडून बघे. शेणव्याच्या नाक्यावर ट्रक थांबून त्याला विचारत, काय हरवलं का.

बोर्डाच्या दोन्ही बाजू तो रंगवी आणि पैसे एकाच बाजूचे घेई. मी रंगाचा खर्च काढून दाखवला, की यात तुमचं नुकसान आहे. तो म्हणाला, "तो हिशेब येगळा आहे." आणि नेहमीचं वाक्य जोडलं, "बघणारा कुठून येईल ते आपण ठरवायचं नाय."

पंचेचाळिशी उलटल्यावर तो स्टँडजवळच्या सायबर कॅफेत जाऊन वेबसाइट करायला शिकला. हातांना रॉकेल लावून रंग काढायचा, साबणाने ते धुवायचे, मगच कीबोर्डला हात. तरी त्याच्या कीबोर्डवर लाल ऑइलपेंटचे दोन ठिपके होतेच. अर्ध्या दुकानात रंगाचे डबे आणि अर्ध्यात टॉवेल पांघरलेला कॉम्प्युटर, असा त्याचा संसार. बाकी घरात तो एकटा.

आमच्या साइटसाठी त्याने आधी पत्र्यावर नाव रंगवलं, त्याचा फोटो काढला आणि पानाच्या डोक्यावर चढवला. इतकी देखणी अक्षरं मी दुसऱ्या कुठल्या साइटवर पाहिली नाहीत. पण शोधून देणाऱ्या यंत्रांना ती वाचता येईनात. "अडाणी आहेत," पेंटर म्हणाला. "चित्र कळत नाय त्यांना, टाइप केलेलंच कळतं." त्याला ते लागलं होतं. तीस वर्षं घोटलेलं अक्षर यंत्राच्या लेखी कोरा पत्रा होता. मग खाली इंग्रजी टाइपात सगळं पुन्हा लिहिलं.

तेव्हा लोक एकाच ठिकाणी शोधत नसत. निदान तीन सर्च इंजिनं चालत होती आणि प्रत्येकाची रीत निराळी. पेंटरने ती मला अशी समजावली: "पहिला नुसती पाटी वाचतो. दुसरा गावात विचारतो, यांचं नाव किती जण घेतात. तिसऱ्याकडं अर्ज द्यावा लागतो, तलाठ्यासारखा. तो सवडीनं बघणार." पहिल्यासाठी त्याने पानावरचे शब्द नीट केले. दुसऱ्यासाठी आमचं नाव मुरबाडच्या दातांच्या डॉक्टरच्या, किन्हवलीच्या भातगिरणीच्या, अशा आपल्या इतर गिऱ्हाइकांच्या साइटींवर दिलं. तिसऱ्याकडे अर्ज केला; तो सात महिन्यांनी मंजूर झाला. मी म्हणायचो, एकावर भागत नाही का? तो म्हणे, "शेणव्याच्या नाक्यावर एका अंगानं रंगवलेला बोर्ड चालेल का तुमाला?"

मी दर रविवारी सायबर कॅफेत जाऊन तिन्ही इंजिनांत आमचा नंबर कितवा लागतो ते वहीत लिहीत असे. २००४च्या डिसेंबरात आम्ही पहिल्यात चौथे, दुसऱ्यात तिसरे, तिसऱ्यात पहिले होतो. त्या थंडीत तिन्ही खोल्या एकही शनिवार रिकाम्या राहिल्या नाहीत. २००५च्या ऑगस्टमध्ये दुसऱ्या इंजिनातून आम्ही नाहीसे झालो. मी वीस पानं उलटून पाहिली. आणि तोवर बहुतेक लोक त्या दुसऱ्यातच शोधू लागले होते. सप्टेंबरचे चारही शनिवार रिकामे गेले. खोल्यांचं कर्ज सोसायटीचंच होतं. सेक्रेटरीचाच हप्ता थकला तर मी कुणाला तोंड दाखवणार होतो?

डोंबिवलीचा एक पाहुणा कॉम्प्युटरच्या नोकरीत होता. ऑक्टोबरात तो आला तेव्हा मी त्याला आमचं पान दाखवलं. त्याने पानाच्या तळाशी, जिथे नुसतं पांढरं होतं, तिथे माउस दाबून ओढला. पांढऱ्यावरची पांढरी अक्षरं निळ्या पट्ट्यात उमटली. इंग्रजी लिपीत मराठी ओळ होती: "वसंत, शेणवे. दुसरी बाजू रंगवायला पाहिजे होती. तुझं बरोबर होतं. घरी ये. भाऊ."

"हे लपवलेलं असतं ना काका, त्याला ते लोक फसवणूक समजतात," पाहुणा म्हणाला. "पान काढूनच टाकतात."

मी ओळ कागदावर उतरवली आणि दुसऱ्या दिवशी पेंटरपुढे ठेवली.

"कोणी दाखवलं?" त्याने विचारलं.

"ते सोडा. माझ्या पानावर तुमच्या घरची गोष्ट कशाला?"

"तुमच्या एकट्याच्या नाय. एकवीस साइटींवर आहे."

मग त्याने सांगितलं. वसंत त्याचा धाकटा भाऊ. दोघं मिळून बोर्ड रंगवत. १९९४ साली शेणव्याच्या नाक्यावर एका दुकानाचा बोर्ड होता, पैसे एका बाजूचे ठरलेले. वसंतने स्वतःच्या मनाने मागची बाजूही रंगवली. म्हणाला, किन्हवलीकडून येणाऱ्याला काय दिसणार? रंग फुकट घालवला म्हणून पेंटरने भर नाक्यावर त्याच्या कानाखाली मारली आणि ओली अक्षरं रॉकेलच्या फडक्याने पुसून टाकली. वसंत तसाच हात न धुता गेला. सुरतेकडे दिसला, असं एकदा कोणी सांगितलं. पेंटर दोनदा जाऊन आला.

"माणूस कधी ना कधी सोताचं नाव टाकून बघतोच, सेक्रेटरी," तो म्हणाला. "तुमी नाय बघितलंत?"

मी बघितलं होतं.

"तो कशात बघेल काय म्हायती. म्हणून सगळ्यांत टाकलं. म्हणून तर शिकलो मी हे."

"मग उघड लिहा ना. काळ्या अक्षरात."

"नाक्यावरचं लोक इसरलेत आता. परत आठवण कशाला? मशीनला दिसलं म्हणजे झालं."

पाहुणा काय म्हणाला ते आणि सप्टेंबरचे आकडे मी त्याला सांगितले. हप्त्याची तारीख सांगितली. त्याने वाद घातला नाही. कॉम्प्युटरवरचा टॉवेल काढला आणि माझ्यासमोर ओळ पुसली. बाकीच्या वीस साइटींवरून चार दिवसांत पुसली. तिथलं पुसायला मी सांगितलं नव्हतं. "गिऱ्हाइकाचं नुकसान नको," एवढंच म्हणाला. जानेवारीत आम्ही दुसऱ्या इंजिनात पुन्हा आलो, सहाव्या नंबरवर. माझा एकही हप्ता थकला नाही.

त्यानंतर पेंटरने नवी साइट केली नाही. फ्लेक्स आले होते, बोर्डाचं कामही उरलं नव्हतं. मी शहापूरला गेलो की चहाला बसायचो. तो कधी त्या गोष्टीवर आला नाही, मीही नाही. एकदाच म्हणाला, "पुसायचं काम मला बरं जमतं, नाय का?" मी चहा संपवला. २००८च्या मार्चमध्ये छातीच्या दुखण्याने तो गेला. शेणव्याला अग्नी द्यायला चुलत पुतण्या होता.

त्याच महिन्यात मी डोंबिवलीच्या पाहुण्याला फोन केला आणि ती ओळ आमच्या पानाच्या तळाशी पुन्हा घालून घेतली. काळ्या ठसठशीत अक्षरांत, इंग्रजी लिपीत आणि मराठीतही. 'घरी ये' मी बदललं नाही. घरी आता कोण आहे, असं बायकोने विचारलं, तेव्हा खाली आमचा फोन नंबर घातला. तिन्ही इंजिनांत वसंत आणि शेणवे टाकून पाहिलं. तिन्हींत पहिला नंबर.

गुडघ्यांमुळे बायकोला चुलीपुढे बसवेना, म्हणून गेल्या वर्षी खोल्या बंद केल्या. साइट चालू आहे. खोल्या बंद झाल्यापासून त्या नंबरावर अकरा फोन आले. दहा जणांनी खोल्यांची चौकशी केली. एकाने मी हॅलो म्हटल्यावर बराच वेळ काही न बोलता ठेवून दिला. तो कशात धरायचा, हे मला ठरवता आलेलं नाही. मोटरसायकलवरून शेणव्याच्या नाक्यावर गेलो की मी थोडं पुढे जाऊन थांबतो आणि वळून बघतो. आमचा बोर्ड फिकट झालाय, पण दोन्ही बाजूंनी वाचता येतो.

परवा साइटचे वर्षाचे पैसे भरायची तारीख आली. बायको म्हणाली, "खोल्या बंद, मग हे कसले?"

"दुसऱ्या बाजूचे," मी म्हणालो. तिने उठून कपाटातून पैसे आणून दिले.

४ फेब्रुवारी २०१०. भरले सहाशे पन्नास रुपये. घेणार, साइट ठेवणारी हैदराबादची एक कंपनी. हजर आम्ही दोघे.