राळेचे दोन डॉलर

बावीस वर्षं नोरीन ऑस्ट्रेलियातल्या टूवुंबा गावच्या एका कारखान्यात एकाच टेबलाशी बसत होती. गुरांच्या हौदात पाणी किती उरलं ते मालकाला घरबसल्या कळवणारे सेन्सर ती जोडायची आणि शेवटी आतल्या सर्किटवर सुकून कडक होणारी राळ ओतायची. राळ कशाला, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. पूर्वीच्या बिनराळेच्या सेन्सरमध्ये मुंग्या शिरल्या, हौद कोरडा पडला तरी सेन्सर ‘भरलेला’ म्हणत राहिला, आणि तिच्या भावाची, क्लेमची, साठ गुरं तीन दिवसांत तडफडून मेली. ज्याचं जळतं त्याला कळतं.

आता खर्च कमी करायला ब्रिस्बेनहून ट्रिस्टन नावाचा तज्ज्ञ आणला होता. पंधरा दिवस संगणकापुढे बसला, पण नोरीनच्या टेबलाकडे फिरकला नाही मेला. मग त्याचा नवा आराखडा आला: राळ बंद, त्याजागी रबरी पट्टी. सेन्सरमागे दोन डॉलर वाचले म्हणे.

नोरीनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शुक्रवारी तिने नव्या सेन्सरचा नमुना घरी नेला आणि बॅटरी जोडून परसातल्या वारुळावर ठेवला. सोमवारी चहाच्या सुट्टीत तिने तो ट्रिस्टनच्या कागदांवरच उघडला. आत मुंग्याच मुंग्या.

“हे तू मुद्दाम केलंस,” ट्रिस्टन म्हणाला.

“मग काय, मुंग्या तुला विचारून येणार होत्या?”

कारखान्याचा मालक नेव्हिल डोकं खाजवत म्हणाला, “अगं, पण दोन डॉलर कुठून काढू? या किमतीत गिऱ्हाईक टिकत नाही.”

“चोर सोडून संन्याशाला फाशी देतोयस तू. सेन्सरच्या बाजूला बसवलेला हा पितळी प्लग नऊ डॉलरचा आहे. इथे तपासताना त्यात एकदा वायर लावतो, मग जन्मात कुणी हात लावत नाही. तो काढ. सर्किटवर तांब्याचे तीन ठिपके ठेव, राळ ओतायच्या आधी मी तिथेच वायर टेकवून तपासते.”

ट्रिस्टन प्लग हातात घेऊन बघत बसला.

“हे आधी का नाही सांगितलंस?” नेव्हिलने विचारलं.

“तीनदा सूचनापेटीत लिहून टाकलं. तिन्ही वेळा तू न वाचता मला चहाचा कप बक्षीस दिलास.”

पुढच्या आठवड्यात सुधारलेला आराखडा आला. राळ होती, तीन ठिपके होते, प्लग गेला होता. खाली नाव ट्रिस्टनचं.

“फी त्याला दिलीये गं,” नेव्हिल ओशाळून म्हणाला, “म्हणून नाव त्याचं.”

“असू दे. सेन्सर बंद पडला की गिऱ्हाइकांचे फोन तू मला जोडून देतोस, आणि फोनमध्ये मागे तहानेने ओरडणारी गुरं मला ऐकू येतात. नाव त्याचं, तर यापुढे ते फोनही त्यालाच जोडून देत जा.”