जाड भिंतीची नळी

बडोद्यात मानेची सोनोग्राफी नवी नवी सुरू झाली, तेव्हाची गोष्ट. दवाखान्यात माझ्या शेजारी प्रतापनगरच्या रेल्वे कारखान्यातून निवृत्त झालेले एक बॉयलर फिटर बसले होते. डॉक्टरबाईंनी रिपोर्ट हातात देताच ते उठून उभे राहिले.

"जुओ, बघा डॉक्टरसाहेब, मानेतल्या रक्तवाहिनीची भिंत जाड लिहिलीय. जाड भिंतीची नळी कधी फुटत नाही."

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. "काका, ही जाडी आतल्या बाजूने वाढते. वाट अरुंद होते. मेंदूकडे जाणारं रक्त अडलं तर लकवा होऊ शकतो."

काकांनी अंगठा आणि तर्जनीचं कडं करून डोळ्याला लावलं आणि हळूहळू आवळत नेलं. मग त्यांचा चेहरा एकदम उजळला. "म्हणजे बॉयलरच्या नळीत पाण्याचा क्षार बसतो, तसा हिने खार धरलाय. अहो, हे तर माझंच काम."

"हा खार खरवडता येत नाही, काका. फक्त वाढू द्यायचा नाही."

"चालेल. वेळेवर कळलं की बॉयलर वाचतो." आणि ते मीठ, तंबाखू, गोळ्या, चालणं, सगळं उत्साहाने विचारत सुटले. उद्यापासून पुन्हा ड्यूटीवर जायचं असावं तसे.

निघताना त्यांनी ते कडं माझ्या मानेवर रोखलं. "तुमची नळी काय म्हणते?"

माझा रिपोर्ट मी न वाचताच घडी घालून खिशात ठेवला होता. तो बाहेर काढला.