मिसरच्या नोटांच्या बाई

बाईंच्या हातात कुणीही नोट ठेवली, की त्या आधी तिचे मुडपलेले कोपरे अंगठ्याच्या नखानं सरळ करायच्या. भाजीवाला ताटकळायचा, कंडक्टर वैतागायचा. "नोटेवर बी माणूस असतो. त्याचा कान मुडपलेला बघवत न्हाई मला," त्या म्हणायच्या.

लातूरच्या मुलींच्या शाळेत त्या चित्रकला शिकवायच्या, मी इंग्रजी. एका हेडमास्तरांनी त्यांना एकदा सगळ्यांसमोर उगाच झापलं होतं. ते निवृत्त होईपर्यंत बाई त्यांच्या केबिनमधला चहा प्यायल्या नाहीत. निरोप समारंभाला मात्र त्यांचं सुंदर चित्र काढून दिलं. नाकावरचा मस तेवढा जरा मोठा केला होता. "अहो बाई, इतक्या वर्षांनी?" मी म्हटलं. त्या म्हणाल्या, "मी सोडत नसते."

हे वाक्य पुढं किती खरं ठरलं, ते तुम्हीच बघा.

त्यांचे वडील, आण्णा, मोठ्या लढाईत फौजेबरोबर इजिप्तला गेले होते. ते मिसर म्हणायचे, कारण त्यांचं शिक्षण निजामाच्या काळात उर्दूतून झालेलं. येताना त्यांनी तिथल्या थोड्या नोटा आणल्या. बाई मॅट्रिक झाल्या तेव्हा आण्णांनी त्यातली सगळ्यात देखणी, तरुण राजा तुतनखामेनच्या चित्राची नोट लेकीला बक्षीस दिली. तिथून बाईंना नाद लागला. नांदेड-उदगीरची जी माणसं आखातात कामाला जायची, त्यांच्याकडून त्या नोटा मागवायच्या. कुणाला तिकडं इजिप्तचा मिस्त्री भेटायचा, कुणाला ड्रायव्हर. नेफर्टिटी राणी आली, अबू सिंबलचं देऊळ आलं. नवी नोट आली की दुपारच्या सुट्टीत आम्ही सगळ्या डबे बाजूला सारून ती बघायचो.

किल्लारीचा भूकंप झाला त्या वर्षी गणपतीला बाई गावी गेल्या तेव्हा नोटांचा अल्बम घेऊन गेल्या होत्या. आण्णांची नजर मंदावत चालली होती. "दिसतंय तवर एकदा सगळ्या बघून घेतो," असं ते म्हणाले, म्हणून अल्बम त्यांच्याजवळ ठेवून बाई लातूरला परतल्या. विसर्जनानंतरच्या पहाटे गाव पडलं.

बातमी कळताच बाईंना घेऊन आम्ही शाळेतली चारपाच माणसं जीप करून निघालो. त्यात आमचा फिजिक्सचा तरुण सरही होता. पांढऱ्या मातीच्या त्या ढिगाऱ्यांबद्दल मी लिहीत नाही. जवानांनी बाईंच्या घराच्या जागेवरून एक पत्र्याची ट्रंक ओढून काढली. आण्णांना ओळखायला बाईंना पलीकडच्या शेतात बोलावलं, तेव्हा त्या सरला म्हणाल्या, "बाळा, ट्रंकेपाशी बस रे." तो बसला. संध्याकाळी त्यानं ट्रंक बाईंच्या लातूरच्या खोलीवर पोचवली. आत कपडे होते, फौजेतलं पदक होतं. अल्बम नव्हता.

"आण्णांनी बघायला बाहेर काढला असेल, बाई," तो हळूच म्हणाला. "त्यांच्याजवळच राहिला असेल."

बाईंनी हे मनाशी धरलं. आण्णा नोटा बघता बघता गेले, छातीवर अल्बम होता, असं त्या सांगायच्या, आणि सांगताना त्यांचा चेहरा निवळायचा.

पुढं सरनं नोकरी सोडून क्लास काढला. लातूरच्या निकालांचा डंका वाजू लागला, गावोगावची पोरं ट्रंका घेऊन शहरात उतरू लागली, आणि त्याच्या क्लासची चार मजली इमारत झाली. बाई निवृत्त होऊन नांदेडला बहिणीकडं राहायला गेल्या. एकदा त्या माझ्याकडं आल्या असताना माझ्या भाच्याच्या प्रवेशासाठी मी त्यांना त्या क्लासमध्ये सोबत घेऊन गेले. पालकांच्या खोलीत, समोरच्या भिंतीवर काचेची मोठी फ्रेम होती, आत मिसरच्या नोटा लावलेल्या. खाली लिहिलं होतं, 'संचालकांच्या इजिप्त दौऱ्यातून'.

बाई उठल्या, फ्रेमपाशी गेल्या. तरुण राजाच्या नोटेच्या कडेला पेन्सिलीची बारीक ओळ होती. अरबी मजकुरात ती कुणालाही अरबीच वाटली असती. बाईंनी बोट ठेवून मला वाचून दाखवली. त्यांचं नाव होतं, आणि पुढं, 'मॅट्रिक पास. शाबास.' आण्णांचं उर्दू अक्षर.

"पोलिसात जाऊ," मी म्हटलं.

"पोलीस त्याला धरतील. मला धरायचं न्हाई, झिजवायचंय." मग म्हणाल्या, "नोटा नेल्या ते सोड. आण्णा नोटा बघत गेले, या एका गोष्टीवर मी इतकी वर्षं काढली. ती बी त्यानंच गळ्यात घातलेली."

त्यानंतर दर सोमवारी बाई नांदेडहून एसटीनं यायच्या आणि त्या खोलीत बसायच्या. शेजारी जो पालक येईल त्याला शांतपणे सगळं सांगायच्या. आवाज चढवायच्या नाहीत. सरनं आधी केबिनमध्ये चहाला बोलावलं. बाई गेल्या नाहीत. मग फ्रेम उतरवली. भिंतीवर फिकट चौकोन उरला, तर बाई तो दाखवू लागल्या. भिंत रंगवली, तरी बाई यायच्या. वॉचमननं अडवलं तेव्हा त्या बाहेर रसवंतीच्या बाकड्यावर बसल्या. तिथं तर पालक जास्तच भेटायचे.

शेवटी त्यानं युक्ती केली. गुणवंतांच्या सत्कारात बाईंनाही बोलावून शाल दिली, आणि "बाईंनी विश्वासानं माझ्याकडं सोपवलेला ठेवा" असं म्हणून फ्रेम त्यांच्या हाती दिली. बाईंनी माइक मागून घेतला. ती पेन्सिलीची ओळ वाचली. मग त्याच्याकडं वळल्या.

"मी कवा सोपवला? कुठून आणलास, सांग."

तो खाली बघत पुटपुटला. माइक नसतानाही पहिल्या रांगांना ऐकू गेलं, "ढिगाऱ्यातून."

तुम्हाला वाटेल, क्लास बसला. कुठला बसतोय! दुसऱ्या दिवशी प्रवेशाला तशीच रांग. निकाल चांगले होते ना. बाईंना हे मी कचरतच सांगितलं. त्या हसल्या. "लोकांसाठी न्हवतंच ते. त्याला झोप लागून राहिली का, तेवढं सांग."

लागत नव्हती. त्याच्या बायकोनंच मला बाजारात सांगितलं होतं.

काही वर्षांनी बाई नांदेडच्या दवाखान्यात होत्या, शेवटचं दुखणं. मी उशाशी बसले होते. भर दुपारी तो आला. केस पिकलेले, हातात काहीच नाही. पायाशी उभा राहून म्हणाला, "बाई, माफ करा."

बाईंनी डोळे उघडून त्याला नीट बघितलं.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "मरताना बी न्हाई."

तो तसाच उभा राहिला. बाईंना धाप लागली होती. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "लातूरहून आलास?"

"हाव."

"जेवलास?"

त्यानं नाही म्हणून मान हलवली. बाईंनी मला खूण केली. बहिणीनं आणलेल्या डब्याला त्या सकाळपासून शिवल्याही नव्हत्या. "त्याला दे. बाहेर बसून खा म्हणावं. माझ्यापुढं नको."

संध्याकाळी बाई गेल्या. मी डॉक्टरांना बोलवायला धावले, तेव्हा तो कॉरिडॉरमधल्या बाकावर मांडीवर डबा उघडा ठेवून बसला होता. भाकरी मोडलेली होती. घास हातातच होता.